ऑक्टोबर आला की कोड बदलतात: अमेरिकेतल्या छोट्या क्लिनिकने खर्चाचा हिशोब आधीच कसा मांडायचा

२०२१ च्या ऑक्टोबरात आमच्या क्लिनिकचे त्रेचाळीस क्लेम, म्हणजे इन्शुरन्सकडे पाठवलेल्या पैशाच्या मागण्या, एकोणीस दिवस कुठेच पोचले नव्हते आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. न्यू जर्सीत माझा नवरा आणि त्याचा मित्र असं दोन डॉक्टरांचं फॅमिली क्लिनिक आहे, बिलिंग मी बघते, आणि जरा किचकट चार्टचं कोडिंग, म्हणजे पेशंटच्या नोंदी वाचून त्यांना ठरलेले कोड लावणं, पुण्यातली एक मुलगी करते, बिलिंग कंपनीतर्फे मिळालीय आम्हाला, आमचं क्लिनिक बंद झालं की काही तासांनी तिची सकाळ सुरू होते. मग एके दिवशी सकाळी साडेआठला, म्हणजे तिच्याकडे संध्याकाळी सहाला, तिचा फोन आला.

"ताई, एम फिफ्टीफोर पॉइंट फाइव्ह एक तारखेपासून बंद झालाय, पुढे अजून एक आकडा लागतो, तुमच्या सिस्टिममधून अजून जुनाच येतोय."

"अगं मग क्लेम परत आले असते ना?"

"आलेत ताई. क्लिअरिंगहाऊसचा रिपोर्ट बघितलाय का कुणी?"

कुणीच बघितला नव्हता. क्लिअरिंगहाऊस म्हणजे आमचे क्लेम तपासून इन्शुरन्सकडे पोचवणारी मधली कंपनी. तो रिपोर्ट जायचा ज्या ईमेलवर, त्या बाई ऑगस्टमध्येच नोकरी सोडून गेल्या होत्या. एम५४.५ म्हणजे साधी कंबरदुखी. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो कोड बंद करून त्याचे तीन केले, एम५४.५०, एम५४.५१ आणि एम५४.५९. त्याच दिवशी खोकल्याचा आर०५ पण फोडला, आर०५.१ पासून आर०५.९ पर्यंत सहा कोड झाले, म्हणजे नुकताच सुरू झालेला खोकला वेगळा, जुनाट वेगळा, खोकता खोकता शुद्ध हरपते तो वेगळा. फॅमिली क्लिनिकमध्ये दिवसभर दुसरं असतं काय, कंबर आणि खोकला. पैसे शेवटी सगळे मिळाले पण नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगनंतर, आणि मधला एक पगार आम्ही घरच्या बचतीतून केला.

तेव्हापासून मी ऑक्टोबरच्या बदलाची तयारी दरवर्षी जून महिन्यात सुरू करते आणि कसं करते ते इथे सविस्तर लिहितेय. इकडे छोटं क्लिनिक चालवणारी आपली बरीच मंडळी आहेत, फिजिओ आहेत, मुलांचे डॉक्टर आहेत, शिवाय पुण्यात, ऐरोलीत, नागपुरात बसून हेच क्लेम करणारे कोडर आहेत ज्यांना दुसऱ्या टोकाला क्लिनिकमध्ये काय होतं ते फार कमी वेळा दिसतं. दोघांनाही उपयोग होईल.

नेमकं बदलतं काय आणि कधी

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत डॉक्टरने पेशंट तपासला की इन्शुरन्सकडे जो क्लेम जातो त्यात दोन प्रकारचे कोड असतात. पेशंटला काय झालंय त्याचा आयसीडी-१० कोड आणि डॉक्टरने काय केलं त्याचा सीपीटी कोड. दोघांचा मेळ बसला तर पैसे. आयसीडी दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलतो, आणि आता १ एप्रिललाही छोटा बदल येऊ शकतो. सीपीटी बदलतो १ जानेवारीला. या तीन तारखा भिंतीवर लावून ठेवा.

पण सगळ्यात महत्त्वाचा नियम हा की क्लिनिकच्या क्लेमवर कोड चालतो तो पेशंट ज्या दिवशी तपासला त्या तारखेचा, क्लेम पाठवला त्या तारखेचा नाही. ३० सप्टेंबरला तपासलेल्या पेशंटचा क्लेम तुम्ही ५ ऑक्टोबरला पाठवला तरी कोड जुनाच लागणार. उत्साहाच्या भरात सगळीकडे नवा कोड टाकला तरी क्लेम परत येतो, हे दरवर्षी कुणा ना कुणाच्या बाबतीत होतंच. आणि पूर्वी नवे कोड लागू झाल्यावर नव्वद दिवसांची सवलत असायची ती २००४ साली बंद झाली, त्यामुळे "अजून थोडे दिवस चालेल" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

खर्च कशाचा होतो: २०१५ चा धडा

बहुतेक जण खर्च म्हटला की सॉफ्टवेअर आणि पुस्तकं मोजतात. तो खरा खर्च नाहीये हो. २०१५ चं उदाहरण घ्या. १ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिका आयसीडी-९ वरून आयसीडी-१० वर गेली, आजाराचे कोड साधारण १४,००० होते ते एकदम ६८,००० च्या वर गेले. मूळ तारीख होती २०१३, ती पुढे ढकलून २०१४ केली, मग संसदेनेच कायदा करून २०१५. दर वेळी ज्यांनी वेळेत तयारी केली होती त्यांनाच परत ट्रेनिंगवर पैसे घालावे लागले.

त्या काळात नाचिमसन अॅडव्हायजर्स नावाच्या सल्लागार कंपनीने दोन अंदाज काढले होते. २००८ च्या अंदाजात तीन डॉक्टरांच्या छोट्या क्लिनिकला ८३,२९० डॉलर खर्च येईल असं म्हटलं होतं. २०१४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनसाठी परत काढलेल्या अंदाजात छोट्या क्लिनिकचा आकडा ५६,६३९ ते २,२६,१०५ डॉलर. आकडे बघून घाबरायला होतं पण आत काय आहे ते बघा. २००८ च्या ८३,२९० मध्ये ट्रेनिंग फक्त २,४०५ आणि सॉफ्टवेअर ७,५००, आणि डॉक्टरला जास्त तपशील लिहायला जो वेळ लागेल त्याचे तब्बल ४४,०००, म्हणजे निम्म्याहून जास्त. २०१४ च्या अंदाजात सगळ्यात मोठी रक्कम होती पैसे येण्यात जो खंड पडेल त्याची, २२,५७९ ते १,००,३४९. एकूण खर्चाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास.

प्रत्यक्षात झालं कमी. २०१५ मध्ये क्लिनिक मॅनेजर लोकांच्या संघटनेने सर्व्हे केला त्यात सहा किंवा कमी डॉक्टरांच्या क्लिनिकचा सरासरी खर्च ८,१६७ डॉलर निघाला. मेडिकेअरकडे, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी इन्शुरन्सकडे, पहिल्या महिन्यात दिवसाला ४६ लाख क्लेम येत होते आणि चुकीच्या आयसीडी-१० कोडमुळे त्यातले फक्त ०.०९ टक्के परत गेले. शिवाय जुलै २०१५ मध्येच सरकारने जाहीर केलं होतं की कोड योग्य कुटुंबातला, म्हणजे त्याच आजाराच्या गटातला, आणि चालू असेल तर निव्वळ तपशील कमी पडला म्हणून मेडिकेअर डॉक्टरांचे क्लेम वर्षभर नाकारणार नाही. ती सवलत २०१६ च्या १ ऑक्टोबरला संपली. आता दरवर्षीच्या बदलाला कुणी अशी सवलत देत नाही.

माझं म्हणणं एवढंच की त्या दोन अंदाजांमधल्या रकमा विसरा पण त्यातला क्रम लक्षात ठेवा. अडकलेले पैसे आणि डॉक्टरचा वेळ, हे दोन मोठे खर्च. पुस्तक, ट्रेनिंग, सॉफ्टवेअर नंतर. आणि गंमत अशी की पहिल्या दोघांची पावती कधीच हातात येत नाही त्यामुळे वर्षाच्या हिशोबात ते दिसतच नाहीत.

पायरी १: आपल्या क्लिनिकची यादी काढा

जूनच्या सुमारास सरकारी साइटवर पुढच्या ऑक्टोबरच्या आयसीडीच्या फाइली येतात, फुकट असतात, त्यात एक फाइल असते फक्त बदलांची, कुठला कोड नवा, कुठला काढला, कुठल्याचं वर्णन बदललं. आणखी एक असते ज्यात नव्या कोडसमोर आधी तिथे कुठला कोड वापरायचे ते दिलेलं असतं. ही दुसरी फाइल सोन्यासारखी आहे.

पण ती सगळी वाचत बसू नका. आधी आपल्या सॉफ्टवेअरमधून गेल्या बारा महिन्यांत वापरलेल्या सगळ्या आयसीडी कोडचा रिपोर्ट काढा, किती वेळा वापरला त्या क्रमाने लावा. आमच्या क्लिनिकमध्ये वरच्या साठ कोडमध्येच जवळपास सगळं काम येतं. बीपी, डायबेटीस, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, कंबर, गुडघा, खोकला, घसा. आता दोन्ही याद्या एक्सेलमध्ये शेजारी ठेवून जुळवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. बहुतेक वर्षी दोन-चारच कोड लागतात आणि ते दोन-चारच तुमचे पैसे अडकवणार असतात.

काही उदाहरणं देते म्हणजे कळेल. २०२० च्या ऑक्टोबरात किडनीच्या तिसऱ्या टप्प्याचा एन१८.३ फोडून एन१८.३०, एन१८.३१, एन१८.३२ केले. डायबेटीसचे जुने पेशंट असलेल्या प्रत्येक क्लिनिकला तो लागला. २०२३ मध्ये पार्किन्सनचा जी२० फुटला. २०२४ मध्ये लठ्ठपणाचे नवीन कोड आले, ई६६.८११, ८१२, ८१३, म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा वर्ग, आणि वजनाची औषधं लिहून देणाऱ्या डॉक्टरांसाठी तो बदल मोठा होता कारण औषधाची मंजुरी मागताना फॉर्मवर कोड लागतो.

आणि बदल नेहमी वेळापत्रकाने येत नाहीत. कोविडचा यू०७.१ कोड ऑक्टोबरात येणार होता तो घाईने १ एप्रिल २०२० ला लागू केला. लशीचे कोड तर वर्षभर येत राहिले, प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक डोसला वेगळा, ते शेवटी २०२३ मध्ये टोचण्याचा एकच ९०४८० असा कोड करून गोळा केले. त्यामुळे महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं बदल बघायची सवय लावा.

पायरी २: डॉक्टरशी बसा

ही पायरी सगळ्यात अवघड. कोडरला कितीही येत असलं तरी डॉक्टरने जे लिहिलंच नाही त्याचा कोड ती लावू शकत नाही, लावला तर ते बेकायदा आहे. डॉक्टरने चार्टमध्ये "किडनी स्टेज ३" लिहिलं आणि ए की बी लिहिलं नाही तर कोडरकडे फक्त एन१८.३० उरतो. लहान मुलाच्या मधल्या कानाला सूज आली आणि डावा की उजवा लिहिलं नाही तर एच६६.९०, म्हणजे "कुठला कान माहीत नाही". आता इन्शुरन्सवाल्याने विचारलंच की डॉक्टरांनी कान तपासला आणि कुठला ते माहीत नाही, तर काय उत्तर द्यायचं?

हा वेळ पैशात मोजून डॉक्टरला दाखवा. दिवसाला वीस पेशंट, प्रत्येकामागे एक मिनिट जास्त, वर्षाला २२० दिवस, झाली ४,४०० मिनिटं, म्हणजे एका डॉक्टरचे ७३ तास. दोन डॉक्टर असले की १४६. मी हे कागदावर लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं तेव्हा कुठे नवऱ्याने मान्य केलं की एकदा नीट बसून टेम्प्लेट बनवूया.

मग आम्ही काय केलं, तर बदललेल्या प्रत्येक कोडसाठी एकच ओळ लिहिली. "खोकला: किती आठवडे?" "कंबर: एमआरआय झालाय का, मणक्याच्या हाडातून दुखतंय असं सिद्ध झालंय का?" "किडनी: ए की बी?" बस एवढंच. तीन-चार ओळींचा कागद, लॅमिनेट करून प्रत्येक खोलीत कॉम्प्युटरच्या खाली चिकटवला. लांबलचक ट्रेनिंगच्या व्हिडिओपेक्षा त्या कागदाने जास्त काम केलं, आणि खर्च झाला लॅमिनेशनचा.

सीपीटीच्या बाबतीत उलटंही होतं, बदल आपल्या फायद्याचा असतो आणि आपण जुन्याच सवयीने पैसे सोडतो. २०२१ च्या जानेवारीत ऑफिस व्हिजिटचे नियम बदलले, नव्या पेशंटचा सगळ्यात खालच्या पातळीचा कोड ९९२०१ काढून टाकला, आणि व्हिजिटची पातळी ठरवायला एक तर किती गुंतागुंतीचा निर्णय घेतला ते बघायचं किंवा त्या दिवशी त्या पेशंटवर डॉक्टरचा एकूण किती वेळ गेला ते. म्हणजे पेशंट यायच्या आधी रिपोर्ट बघितले, नंतर नोट लिहिली, तो वेळही धरायचा, फक्त त्याच दिवशीचा. कितीतरी डॉक्टर भीतीपोटी अजून वरच्या पातळीच्या ९९२१४ च्या जागी खालचा ९९२१३ लावतात. तसंच जी२२११, हा व्हिजिटच्या कोडला जोडून लावायचा कोड, मेडिकेअर १ जानेवारी २०२४ पासून कायमच्या पेशंटच्या व्हिजिटला त्याचे सोळा डॉलरच्या आसपास देतं. लावलाच नाही तर कुणी येऊन सांगणार नाही. पण त्याचे नियम नीट वाचूनच लावा, सरसकट सगळ्यांना लावला तर ऑडिटमध्ये परत द्यायची वेळ येते.

पायरी ३: सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा, ऑगस्टमध्ये

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा फोन लागत नाही. विचारायचं काय: नवे कोड कुठल्या तारखेला चढणार, त्याचे वेगळे पैसे आहेत का की वर्षाच्या फीमध्येच धरलेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डॉक्टरांनी सेव्ह करून ठेवलेले आवडते कोड आपोआप बदलतात का. आमचं तिथेच फसलं होतं. मुख्य यादी अपडेट झाली होती वेळेवर, पण डॉक्टर कोड निवडायचे ते स्वतःच्या फेव्हरिटमधून आणि तिथे जुना एम५४.५ तसाच बसला होता, सिस्टिम काही बोललीच नाही.

कोड कुठे कुठे लपलेले असतात ते शोधा. फेव्हरिट, नोटचे टेम्प्लेट, पेशंटच्या जुन्या आजारांची यादी जिथून कोड आपोआप पुढच्या व्हिजिटला ओढला जातो, लॅबच्या कायमच्या ऑर्डरी, फिजिओथेरपीचे रेफरल, छापील सुपरबिल, म्हणजे डॉक्टरने खुणा करायचा कोडांचा कागद, वापरत असाल तर तो. लॅबची ऑर्डर विशेष बघा. पेशंट दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला जातो, ऑर्डर वर्षाची, कोड मेलेला, मग लॅबचं बिल पेशंटच्या घरी जातं आणि फोन तुम्हाला येतो.

नवं सॉफ्टवेअर घ्या असं कुणी सुचवलं तर कोडच्या बदलासाठी म्हणून घेऊ नका. वर्षाच्या बदलाला त्याची गरज नसते.

पायरी ४: पुस्तकं आणि ट्रेनिंग

इथे फार लिहीत नाही. आयसीडी फुकट आहे. सीपीटीचा हक्क अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे आहे, त्याचं पुस्तक शंभर डॉलरच्या वर जातं आणि सॉफ्टवेअरमध्ये वापरायला दर माणशी लायसन्स लागतं जे बहुतेक वेळा तुमच्या फीमध्येच असतं, बिलावर बघा. दर वर्षी एकच पुस्तक घ्या, तेही सीपीटीचं. ट्रेनिंग एकाच माणसाला द्या आणि त्याने बाकीच्यांना शिकवायचं, पण त्या माणसाला त्याचा पगारी वेळ द्या, रविवारी घरी बसून शिकायला लावू नका.

पायरी ५: अडकणाऱ्या पैशाचा हिशोब

आता मुख्य गोष्ट. समजा दोन डॉक्टर, दिवसाला चाळीस क्लेम, सरासरी शंभर डॉलरचा एक. दिवसाचे चार हजार, महिन्याच्या वीस दिवसांचे ऐंशी हजार. पायरी १ मध्ये तुम्ही काढलं की बदललेले कोड तुमच्या आठातल्या एका क्लेमवर येतात. म्हणजे दिवसाला पाच क्लेम, पाचशे डॉलर.

चूक तिसऱ्या दिवशी सापडली तर अडकले दीड हजार. तीन आठवड्यांनी, म्हणजे कामाच्या पंधरा दिवसांनी सापडली तर साडेसात हजार. त्यात ते पंचाहत्तर क्लेम परत करायचे, एकाला पंधरा मिनिटं धरा, साधारण एकोणीस तास, तासाला पंचवीस डॉलरने पावणेपाचशे डॉलर हे निव्वळ गेले. शिवाय परत पाठवले की परत रांगेत. मेडिकेअर इलेक्ट्रॉनिक क्लेमचे पैसे चौदाव्या दिवसाच्या आधी देतच नाही, कागदी क्लेम असेल तर एकोणतिसाव्या. म्हणजे ते साडेसात हजार पाच-सहा आठवडे बाहेर.

आणि भाडं, पगार, लशींचं बिल तर थांबत नाही. लशींचं तर फार बघावं लागतं, मुलांच्या डॉक्टरांनी हिवाळ्याच्या लशी आधीच विकत घेऊन ठेवलेल्या असतात आणि नेमके त्याच वेळी क्लेम अडकतात.

म्हणून मी काय करते, तर बदलणाऱ्या कोडचे तीन आठवड्यांचे पैसे काढते, वरच्या उदाहरणात साडेसात हजार, आणि तेवढे जुलै ते सप्टेंबर तीन महिन्यांत बाजूला टाकते, दर महिन्याला अडीच. डिसेंबरपर्यंत हात लावायचा नाही. ज्यांना एवढे बाजूला काढणं जमत नाही त्यांनी बँकेकडून लाइन ऑफ क्रेडिट, म्हणजे लागेल तेव्हा उचलता येणारं कर्ज, मंजूर करून ठेवावी, आणि ती जूनमध्ये मागावी जेव्हा खात्यात पैसे नीट येताहेत, कारण क्लेम अडकल्यावर बँकेकडे गेलात तर बँक गेल्या दोन महिन्यांचे कागद मागणार आणि तेच नेमके वाईट असणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या एका मोठ्या क्लिअरिंगहाऊसवर सायबर हल्ला झाला आणि हजारो क्लिनिकचे क्लेम आठवडेच्या आठवडे बंद पडले, तेव्हा आम्हाला हीच बाजूला ठेवायची सवय कामाला आली. कारण वेगळं होतं, खड्डा तोच.

पायरी ६: पहिले सहा आठवडे

१ ऑक्टोबरपासून रोज सकाळी पहिलं काम क्लिअरिंगहाऊसचा रिपोर्ट. चहाच्या आधी. इथे एक फरक नीट समजून घ्या. क्लेम रिजेक्ट होणं म्हणजे तो आत गेलाच नाही, दारातूनच परत. डिनाय होणं म्हणजे आत गेला, बघितला आणि पैसे द्यायला नकार दिला. डिनायलचं पत्र येतं, रिजेक्शनचं कुणी पत्र पाठवत नाही, ते फक्त रिपोर्टमध्ये असतं. म्हणून आमचे त्रेचाळीस गप्प पडून राहिले. रिपोर्ट एकाच माणसाच्या ईमेलवर जाऊ देऊ नका, दोन तरी पत्ते द्या आणि कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी पत्ता बदला.

डिनायल आलं तर त्यावरचा कारणाचा नंबर बघा. सीओ-१४६ म्हणजे त्या तारखेला तो आजाराचा कोड चालू नव्हता. सीओ-१८१ म्हणजे सीपीटी कोड चालू नव्हता. हे दोन सरळ आहेत, कोड दुरुस्त करायचा. सीओ-११ म्हणजे आजार आणि केलेलं काम जुळत नाही, सीओ-५० म्हणजे गरज नव्हती असं त्यांचं म्हणणं. हे शेवटचे दोन आले तर कधी कधी चूक तुमची नसते, इन्शुरन्सने स्वतःच्या यादीत नवा कोड अजून घातलेला नसतो. मेडिकेअरच्या बाबतीत त्या भागाच्या कॉन्ट्रॅक्टरची, म्हणजे मेडिकेअरच्या वतीने क्लेम बघणाऱ्या कंपनीची, कुठल्या तपासणीला कुठला कोड चालतो त्याची यादी असते, ती बघून, छापून, मग फोन करा. फोन केलेली तारीख आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवा.

परत पाठवताना पण चुका होतात. खाजगी इन्शुरन्सला दुरुस्त क्लेम बहुतेक ठिकाणी सात नंबरचा फ्रीक्वेन्सी कोड, म्हणजे हा आधीच्या क्लेमच्या जागी आहे अशी खूण, लावून जातो, नाहीतर डुप्लिकेट म्हणून परत येतो. मेडिकेअरला तो सात चालत नाही. तिथे कागदावर एमए१३० असा शेरा असेल तर तो क्लेम त्यांनी हातात घेतलाच नाही असं धरायचं आणि सरळ नवा पाठवायचा, अपील करत बसायचं नाही, अपीलचा हक्कच नसतो. मेडिकेअरला तपासल्याच्या तारखेपासून बारा महिन्यांची मुदत आहे पण खाजगी कंपन्यांची करारावर असते आणि काहींची नव्वद दिवसच असते, त्यामुळे आधी खाजगी दुरुस्त करा, मेडिकेअर नंतर.

बिलिंग कंपनी असेल तर

आमच्यासारखं काम बाहेर दिलं असेल तर करारात तीन गोष्टी बघा. कोडच्या बदलामुळे परत करायच्या क्लेमचे वेगळे पैसे घेतात का. रिजेक्शनचा रिपोर्ट रोज कोण बघणार, तुम्ही की ते, हे नाव घेऊन लिहिलेलं हवं. आणि डॉक्टरला प्रश्न विचारायचा असला तर कोडरने कुठे विचारायचा. ही शेवटची गोष्ट पुण्याच्या त्या मुलीने मला सांगितली, म्हणाली "ताई आम्हाला दिसत असतं पण विचारायला माणूस नसतो, मग जे लिहिलंय त्यावर कोड लावून पुढे जातो." आता आमच्या सिस्टिममध्ये तिच्यासाठी एक जागा आहे, ती तिथे प्रश्न टाकते, नवरा दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटांत उत्तरं देतो. पेशंटची माहिती व्हॉट्सअॅपवर टाकायची नाही, हे दोन्हीकडच्यांनी पक्कं ठेवा.

आयसीडी-११ बद्दल बरेच जण विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने तो १ जानेवारी २०२२ पासून लागू केला, पण अमेरिकेतले क्लेम अजून आयसीडी-१० वरच चालतात. त्याच्या नावाने कुणी आत्ताच कोर्स विकत असेल तर क्लिनिकच्या पैशातून घेऊ नका.

पेशंटकडे बिल जाऊ देऊ नका

डिनायलच्या नंबरच्या आधी जी दोन अक्षरं असतात ती बघा. पीआर असेल तर ती रक्कम पेशंटची जबाबदारी. सीओ असेल तर ती क्लिनिकची, पेशंटकडून मागता येत नाही. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये शून्य पैसे आले की उरलेली रक्कम आपोआप पेशंटच्या खात्यावर पडते आणि महिन्याअखेरीस बिल छापून जातं. २०२१ ला आमच्याकडून दोन बिलं गेली तशी. त्यातल्या एक आजी, आपल्याच, मुलाकडे राहतात, चेक लिहून हातात घेऊनच क्लिनिकमध्ये आल्या आणि म्हणाल्या मुलाला सांगू नका, माझ्या कंबरेपायी उगाच खर्च होतो त्याचा. मी चेक परत दिला, त्यांना बसवून सगळं समजावलं, पण त्यांना दोन आठवडे झोप लागली नव्हती ते काही मला परत देता आलं नाही.

तेव्हा सप्टेंबरच्या तीस तारखेला सेटिंगमध्ये जाऊन पेशंटची बिलं आपोआप जाणं बंद करा, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत प्रत्येक बिल हाताने बघून, सीओ नाही ना याची खात्री करूनच पाठवा. आमच्याकडे रोज दहा मिनिटं जातात त्यात.